कर्त्याचा लोप : शिक्षण व बालकल्याण प्रशासनाच्या मराठीची चिकित्सा
(सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात)

१

शासकीय कारभाराचे परीक्षण सामान्यतः तरतूद, मनुष्यबळ आणि उद्दिष्टपूर्ती या तीन अंगांनी केले जाते. त्या कारभाराच्या भाषेचा विचार मात्र भाषाभ्यासकांवर सोपविला जातो आणि तेथेही तो बहुधा शब्दांच्या क्लिष्टतेपाशी थांबतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम संमत झाला, आणि तेव्हापासून जो प्रशासकीय शब्दसंग्रह मराठीत सिद्ध झाला त्याविषयी ‘शब्द सोपे की अवघड’ हाच वाद प्रामुख्याने होत आला आहे. हा वाद निरर्थक नाही. तथापि तो वरवरचा आहे. अवघड शब्द वापराने अंगवळणी पडतो. ‘पटसंख्या’, ‘संचमान्यता’, ‘समायोजन’ हे शब्द आज मालवणच्या एखाद्या वाडीवरील पालकालाही अपरिचित राहिलेले नाहीत. अडचण आहे ती वाक्याची. शब्द समजूनही वाक्यातून एक गोष्ट हाती लागत नाही : हे कोणी केले, किंवा कोणी करावयाचे होते?

शिक्षण आणि बालकल्याण या दोन खात्यांच्या मराठीत हा दोष विशेष घातक ठरतो. इतर खात्यांत नागरिक स्वतः आपली बाजू मांडू शकतो. येथे ज्याच्यासाठी सर्व व्यवहार चालतो ते बालक बोलावयास येत नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्या पालकाला बहुधा प्रमाण मराठीचा लेखनसराव नसतो. आणि ज्या कागदावर निर्णय उमटतो त्या कागदावर निर्णय घेणाराच नसतो. सिंधुदुर्ग जिल्हा हे या परिस्थितीचे चांगले उदाहरण होय. साक्षरता येथे उंच आहे (२०११ च्या जनगणनेनुसार ८५ टक्क्यांहून अधिक), शाळेविषयी अनास्था नाही, आणि तरीही लहान शाळांचा प्रश्न येथे अत्यंत तीव्र आहे. अडाणीपणा हे कारण येथे पुढे करता येत नाही. त्यामुळे भाषेचा व्यवहार अधिक स्वच्छ दिसतो.

२

मराठी व्याकरणात प्रयोगविचाराला मोठे स्थान आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांची चर्चा प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. प्रशासकीय मराठीने मात्र या तिन्हींच्या पलीकडे एक स्वतःची रचना रूढ केली आहे : ‘-ण्यात येणे’. आदेश देण्यात येतो, मान्यता प्रदान करण्यात येते, प्रस्ताव नाकारण्यात येतो, शाळा बंद करण्यात येते. या रचनेत ‘-कडून’ किंवा ‘-तर्फे’ हे शब्द योजून कर्ता घालता येतो. व्याकरणाची त्याला आडकाठी नाही. व्यवहारात तो घातला जात नाही, इतकेच. ‘येणे’ हे गतिवाचक क्रियापद येथे सहायक झाले आहे, आणि त्यामुळे निर्णय कोणी घेतला असे न वाटता तो कोठून तरी आपणहून आला असे वाटते.

मराठी राज्यव्यवहाराची ही मूळ प्रकृती होती काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. मराठेशाहीतील पत्रे पाहिली तर उत्तर नकारार्थी मिळते. त्या पत्रांत ‘तुम्ही अमुक करणे’, ‘पाठविणे’, ‘देणे’ अशी ‘-णे’ प्रत्ययान्त आज्ञार्थी रूपे येतात. ज्याला लिहिले तो मायन्यात नावानिशी असतो, कामाचा निर्देश असतो, आणि शेवटी ‘जाणिजे’ येते. ती भाषा फारसी शब्दांनी भरलेली होती, आजच्या वाचकाला ती दुर्बोधही वाटेल. परंतु काम कोणावर पडले याविषयी तीत संदेह नसतो. आजची प्रशासकीय मराठी शब्दांच्या बाबतीत अधिक देशी झाली आणि वाक्याच्या बाबतीत अधिक निनावी झाली.

संस्कृत व्याकरणपरंपरेत ‘लोप’ ही संज्ञा अभावासाठी नाही, अदर्शनासाठी आहे. जे होते ते दिसेनासे झाले, पण त्याचे कार्य शिल्लक राहिले, असा तिचा आशय आहे. प्रशासकीय वाक्यातील कर्त्याची हीच अवस्था आहे. अधिकार चालविणारा असतो, त्याच्या निर्णयाचे परिणाम घडतात. केवळ तो दिसत नाही. पुढील विवेचनात या लोपाची चार स्थाने पाहावयाची आहेत.

३

पहिले स्थान ‘सक्ती’ या शब्दाचे. २००९ च्या कायद्याचे मराठी नाव ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम’ असे आहे. मराठीत सक्ती नेहमी कोणावर तरी केली जाते. तेव्हा प्रश्न असा की, येथे सक्ती कोणावर?

या शब्दाला मराठी मुलखात एक इतिहास आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. सिंधुदुर्गाच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. १९१८ चा मुंबई इलाख्याचा कायदा आणि नंतरचा १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम यांतही पालकाला जबाबदार धरण्याची तरतूद होती. या सर्व काळात ‘सक्ती’ म्हणजे पालकावरील सक्ती हा अर्थ जनमानसात स्थिरावला, आणि त्या काळाच्या संदर्भात तो बरोबरही होता.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि २००९ च्या अधिनियमाने या शब्दाचा अर्थ फिरविला. कलम ८ मधील स्पष्टीकरणानुसार सक्तीचे शिक्षण म्हणजे मोफत प्राथमिक शिक्षण पुरविण्याचे आणि प्रवेश, उपस्थिती व पूर्तता यांची निश्चिती करण्याचे शासनावरील बंधन. पालकाचे कर्तव्य कलम १० मध्ये आहे. पण त्याला दंडाची जोड नाही. अर्थात ज्याच्यावर सक्ती तो पक्ष बदलला. शब्द मात्र तोच राहिला, आणि जुना अर्थ त्याने आपल्याबरोबर नव्या कायद्यात आणला. आजही ‘सक्तीचे शिक्षण’ म्हटले की पालकाने मुलाला धाडलेच पाहिजे, एवढेच ऐकू येते. शासनाने शाळा दिलीच पाहिजे, हे ऐकू येत नाही. ज्या एका शब्दात कायद्याने शासनाचे बंधन ठेवले होते त्याच शब्दाने ते बंधन दृष्टिआड केले, असे म्हणावे लागते.

४

दुसरे स्थान अकर्मक क्रियापदांचे. मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’, ‘गळणे’ आणि ‘गाळणे’ अशा जोड्या आहेत. पहिले रूप आपोआप घडणाऱ्या क्रियेचे, दुसरे कोणीतरी घडविलेल्या क्रियेचे. शिक्षण-प्रशासनाची आणि तिच्यामागून वृत्तपत्रांची मराठी जवळजवळ नेहमी पहिले रूप निवडते. शाळा बंद पडते, विद्यार्थ्यांची गळती होते, पट घटतो. फळ देठातून गळावे तसे मूल शाळेतून गळते. ते कोणी गाळले, हा प्रश्न शब्दातच मावत नाही. ‘शाळाबाह्य’ या विशेषणाने तर अवस्था बालकाचा गुणधर्म होऊन बसते. ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात राज्यभर शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. वस्तुतः अधिनियमाच्या कलम ९ नुसार चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल असे पाहणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कायमचे कर्तव्य आहे. सिंधुदुर्गात चिरेखाणींवर, आंब्याच्या बागांत व मच्छीमारीच्या नौकांवर परप्रांतांतून व परराष्ट्रातून मजूर येतात, आणि त्यांतील काहींची मुलेही बरोबर असतात. त्या मुलांना ‘शाळाबाह्य’ म्हणण्याऐवजी ‘ज्यांना अद्याप प्रवेश दिला गेला नाही अशी मुले’ म्हटले, तर वाक्य लांबते, पण प्रवेश कोणी द्यावयाचा होता हा प्रश्न लगेच उभा राहतो.

सिंधुदुर्गातील लहान शाळांचा प्रश्न या व्याकरणात कसा बसविला जातो ते पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती; २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. दहा वर्षांत लोकसंख्या घटली असे जिल्हे राज्यात अपवादात्मक आहेत. मुंबईकडे जाणाऱ्या चाकरमान्यांची परंपरा येथे जुनी आहे, आणि कामासाठी बाहेर गेलेली तरुण पिढी आपली मुलेही बाहेरच वाढविते. हे सर्व ‘पटसंख्या कमी झाल्याने’ या एका धातुसाधितात गुंडाळले जाते. ‘-ल्याने’ आणि ‘-ल्यामुळे’ या रचनांचा गुण असा की, त्या सर्वांत जवळचे कारण सांगतात आणि त्यामागची कारणमालिका तेथेच तोडतात. पट का घटला, रोजगार का आला नाही, शाळेत शिक्षक किती काळ नव्हता, पालकांनी खासगी शाळेची वाट का धरली, हे प्रश्न ‘-ल्याने’च्या पलीकडे राहतात.

२०१७ च्या अखेरीस राज्यातील दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून विद्यार्थी जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागविण्यात आले, अशा शाळांची संख्या त्या वेळी सुमारे १५,००० सांगितली जात होती. या संदर्भात ‘समायोजन’ हा शब्द विशेष लक्ष वेधतो. अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होते आणि विद्यार्थ्यांचेही समायोजन होते. शिक्षक हा सेवक आहे, त्याची बदली होऊ शकते. सहा वर्षांच्या बालकाला तोच शब्द लावला की तेही आस्थापनेवरील एक पद होऊन बसते.

भूगोलाचा विचार केल्यावर या शब्दाची किंमत कळते. राज्याच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर ही नजीकच्या शाळेची मर्यादा ठरविली. मालवणच्या किनाऱ्यावर किलोमीटर हे फसवे माप आहे. देवबाग हे कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर वसलेले आहे. कालावल खाडीच्या दोन तीरांवरील वाड्या डोळ्यांना समोरासमोर दिसतात. रस्त्याने जावयाचे तर पुलापर्यंत वळसा पडतो. आतल्या भागात कातळाचे सडे आणि पावसाळ्यात दुथडी वाहणारे व्हाळ यांमुळे उन्हाळ्यातली पायवाट आषाढात साकवाविना उपयोगी पडत नाही. ‘विद्यार्थ्यांचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्यात येत आहे’ या वाक्यात चालणारे मूल नाही, त्याला पोचविणारे कोणी नाही आणि वाटही नाही. नियमांत अशा वेळी वाहतुकीची सोय करण्याचे बंधन आहे. पण बंधन असलेला पक्ष वाक्यात नसल्यामुळे सोय ही सवलतीसारखी भासते.

‘अंगणवाडी’ हा शब्द याच्या अगदी उलट दिशेचा आहे, याची येथे नोंद घ्यावयास हवी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाडला जे काम केले त्यातून ही कल्पना आकाराला आली : मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. या शब्दात कोणी कोणाकडे जावयाचे हे ठरलेले आहे. कोकणात ‘वाडी’ हे गावाचे प्रत्यक्ष घटक एकक असल्यामुळे तो शब्द येथे अधिकच नेमका बसतो. ‘समूह शाळा’ या शब्दात समूह कोणाचा हे सांगितलेले नाही. तो मुलांचा आहे की शाळांचा? आणि त्यांना एकत्र आणणारा कोण?

५

तिसरे स्थान ‘लाभार्थी’ आणि ‘मानधन’ या जोडीचे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या कागदपत्रांत सहा वर्षांखालील मूल हे ‘लाभार्थी’ असते; सहावे वर्ष उलटून ते शाळेत आले की ‘विद्यार्थी’ होते. दोन्ही शब्दांत ‘अर्थी’ आहे, म्हणजे मागणारा, इच्छिणारा. विद्येची इच्छा करणारा हे वर्णन गौरवाचे आहे. लाभाची इच्छा करणारा हे वर्णन तितके निरुपद्रवी नाही. तीत देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो.

कायदा आता असे म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नविषयक योजनांना हक्काचे स्वरूप दिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. या आदेशाची रचना भाषेच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे : मागणारा कोण, काय, कधीपर्यंत, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. (कोकणातील कित्येक वाड्यांना ४० ही संख्याच गाठता येत नाही, हा वेगळा प्रश्न.) पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क कलम ५ मध्ये नोंदविला. जो हक्कदार आहे त्याला लाभार्थी म्हणणे हे यापुढे केवळ शैलीचे प्रकरण राहत नाही. ते कायद्याच्या विसंगत आहे.

अंगणवाडी चालविणारीची स्थिती याहून बोलकी आहे. तिला ‘सेविका’ म्हणतात, तिचे काम ‘मानसेवी’ आणि तिला मिळते ते ‘मानधन’. पोषण, लसीकरणास साहाय्य, पूर्वशालेय शिक्षण, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी ही कामे नियमित आहेत. नाव मात्र मानाचे आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान अधिनियमाचा लाभ लागू असल्याचा निर्णय दिला, आणि त्यासाठी मानधन हे वेतनाच्या व्याख्येत बसते असे मानले. म्हणजे न्यायालयाला शब्दाचा पडदा बाजूला करून व्यवहार पाहावा लागला. तरीही शब्द टिकून आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी जो दीर्घ संप केला, त्यातील मागण्यांचा गाभा हा शब्द आणि त्यामागचा दर्जा हाच होता.

सिंधुदुर्गातील वाचकाला ‘मान’ या शब्दाचा एक दुसरा अर्थ ठाऊक आहे. गावऱ्हाटीत मानकरी असतो. त्याचा मान ठरलेला असतो, तो कोणत्या घराचा हे गावाला माहीत असते, आणि तो डावलला गेला तर भांडून मिळविता येतो. त्या व्यवस्थेत जातिभेद व वंशपरंपरा होती, म्हणून ती आदर्श मानता येणार नाही. परंतु तेथे मान हा हक्क आहे. ‘मानधना’त तो हक्काच्या जागी ठेवलेला पर्याय आहे. एकाच शब्दाचा हा प्रवास अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असा आहे.

६

चौथे स्थान ‘मातृभाषा’ या शब्दाचे. २००९ च्या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर बालकाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे अशी शिफारस आहे. सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेची शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे हा प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

मालवणी बोलणारे मूल ‘मला’ऐवजी ‘माका’, ‘तुला’ऐवजी ‘तुका’, ‘कोठे’ऐवजी ‘खंय’ म्हणते. त्याच्या घरी मुलाला ‘झील’ आणि मुलीला ‘चेडू’ म्हणतात. त्याचा ‘घोडा’ हा ‘घोडो’ असतो. हे फरक उच्चाराचे नाहीत. विभक्तिप्रत्यय आणि नामाची अंत्यरूपे यांचे ते फरक आहेत, म्हणजे व्याकरणाच्या गाभ्याचे. ग्रिअर्सनने १९०५ च्या भाषासर्वेक्षणात कुडाळी ही कोंकणीखाली घेतली, डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत प्रसिद्ध केले. जनगणनेच्या भाषातक्त्यांत मालवणी कोंकणीच्या गटात मोजली जाते. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात याच बोलीच्या शेजारिणीला राज्यभाषेचा दर्जा आहे व तीत प्राथमिक शाळा चालतात. अलीकडे तीच मुले मराठी माध्यमाची विद्यार्थी ठरतात. या वर्गीकरणांपैकी कोणते शास्त्रशुद्ध, हा येथे वादाचा मुद्दा नाही. मुद्दा असा की, एका रकान्यात मूल मराठी भाषक आहे, दुसऱ्यात कोंकणी गटातले आहे, आणि पहिलीच्या वर्गात त्याने घरचे वाक्य उच्चारले की ते ‘अशुद्ध’ ठरण्याचा संभव आहे.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवासी असावी अशी अट असल्यामुळे तिची आणि मुलांची बोली सहसा एकच असते. म्हणजे धोरणाला अपेक्षित असलेले घरच्या भाषेतील शिक्षण अंगणवाडीत आजवर विनाआदेश चालत आले आहे. ते कोणत्याही अहवालात येत नाही, कारण अहवालाच्या भाषेत त्याला रकाना नाही. सहाव्या वर्षी मूल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, महिला व बालविकास विभागातून शालेय शिक्षण विभागात, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. त्याच दिवशी त्याची भाषाही बदलते. नव्या धोरणात तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत स्तर मानला आहे. तो खरोखर सलग व्हावयाचा असेल तर दोन खात्यांच्या कागदांबरोबर अंगणवाडीतील सेविकेची भाषाही पहिलीच्या वर्गापर्यंत पोचली पाहिजे.

७

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, शासन ही व्यक्ती नव्हे. निर्णय पदाचा असतो, माणसाचा नसतो, म्हणून निनावी वाक्य हे निःपक्षपातीपणाचे चिन्ह आहे. यात तथ्य आहे. परंतु व्यक्तीचे नाव गाळणे आणि पदाचे नाव गाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘गटशिक्षणाधिकारी वाहतुकीची व्यवस्था करतील’ या वाक्यात व्यक्ती नाही, तरी कर्ता आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाच मुलांची शाळा ही शिक्षणाच्या दृष्टीने चांगली शाळा असते काय? समवयस्कांची सोबत, खेळ, विषयानुसार शिक्षक या गोष्टी तेथे दुर्मीळ असतात, आणि काही पालकांना मोठी शाळाच हवी असते. हे नाकारता येणार नाही. लहान शाळा एकत्र करणे काही ठिकाणी मुलांच्या हिताचेही असू शकेल. पण हा निर्णय हिताहिताचा असेल तर तो तशा भाषेत मांडावयास हवा : आम्ही ही शाळा बंद करीत आहोत, कारण अमुक; त्या बदल्यात मुलांना अमुक मिळेल; ते अमुक तारखेपर्यंत मिळेल. असे वाक्य वादविषय होऊ शकते, त्याला उत्तर देता येते. ‘शाळा बंद पडली’ या वाक्याला उत्तर देता येत नाही.

तिसरा आक्षेप : शब्द बदलल्याने काय होणार? याचे उत्तर बालन्याय कायद्यात सापडते. जुन्या व्यवहारात ‘बालगुन्हेगार’ हा शब्द रूढ होता. २००० च्या कायद्यानंतर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द आला. तो जड आहे, पण त्याने गुन्हा हा मुलाचा स्वभाव न राहता त्याची परिस्थिती झाली. २०१५ च्या अधिनियमात तर बालकाविषयी कलंकित करणारी किंवा आरोपात्मक भाषा वापरू नये हे तत्त्व कलम ३ मध्ये स्वतंत्रपणे नमूद आहे. भाषेच्या परिणामाची दखल विधिमंडळाने घेतली असताना भाषाशास्त्राने ती क्षुल्लक मानणे उचित नव्हे. मात्र या तत्त्वाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. बालकाला लागलेला डाग पुसणे हे अर्धे काम झाले. कर्तव्य ज्याचे, त्याचे नाव लिहिणे हे उरलेले अर्धे.

८

प्रमाण मराठीत ‘गाऱ्हाणे’ म्हणजे तक्रार. सिंधुदुर्गात तो एक विधी आहे. देवळासमोर गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा देवाला नावाने संबोधिले जाते, कोणाच्या वतीने बोलावयाचे ते सांगितले जाते, मागणे स्पष्टपणे उच्चारले जाते, आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतो. संबोध्य, याचक, मागणी आणि साक्षी, या चारही घटकांनी ती उक्ती पूर्ण असते. या जिल्ह्यातील ग्रामस्थाला नेमकी मागणी करता येत नाही असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. त्याची परंपरा या बाबतीत शासकीय टिप्पणीहून समर्थ आहे.

२००९ च्या अधिनियमाने याच प्रकारची एक जागा ठेवली आहे. कलम ३२ नुसार बालकाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. पण त्या समितीचे इतिवृत्तही ‘सर्वानुमते ठरविण्यात आले’ याच साच्यात लिहिले जाते. गावाने आपली भाषा टाकून कार्यालयाची भाषा उचलली, आणि तिच्याबरोबर कर्त्याचा लोपही उचलला. मग तक्रार करावयाची वेळ आली म्हणजे कोणाचे काय चुकले हे लिहिण्यास आधार उरत नाही.

यासाठी कोश नव्याने रचण्याची आवश्यकता नाही. शिक्षण व बालकल्याण या खात्यांच्या प्रत्येक आदेशात, आणि शाळा समितीच्या प्रत्येक ठरावात, मुख्य वाक्याला कर्ता असावा, तो पदनामाने लिहावा, त्याच्या कर्तव्याचे कलम व मुदत तेथेच द्यावी, आणि ज्याच्यासाठी ते कर्तव्य आहे त्या बालकाला ‘हक्कदार’ म्हणावे, एवढा नियम पुरेसा आहे. विद्यापीठांच्या मराठी व भाषाशास्त्र विभागांनी जिल्हा परिषदांच्या आदेशांचे आणि शाळा समित्यांच्या इतिवृत्तांचे नमुने गोळा करून त्यांतील कर्तृलोपाची मोजणी करावी; पदव्युत्तर प्रबंधिकेस हा विषय उत्तम आहे. सिंधुदुर्गात त्याची सुरुवात व्हावी. येथे शाळा थोड्या पटाच्या आहेत, वाड्या विखुरलेल्या आहेत आणि कागद हाताळण्याइतके थोडे आहेत. ज्या वाडीतील शाळेविषयी पुढचा आदेश निघेल तो कोणी काढला, हे तरी त्या वाडीला वाचता आले पाहिजे.